जुन्या मिआटातला नवा स्टिरिओ: पडदा मध्येच विझतो, फोन सारखा तुटतो

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. माझदा एमएक्स-५, म्हणजे मिआटा, पहिल्या पिढीची एनए (१९८९ ते १९९७) किंवा दुसऱ्या पिढीची एनबी (१९९८ ते २००५). कॅसेट किंवा सीडीचा जुना स्टिरिओ काढून त्या जागी कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो (फोनमधला नकाशा आणि गाणी गाडीच्या पडद्यावर आणणाऱ्या सोयी) चालणारे हेड युनिट, म्हणजे पडद्याचा नवा स्टिरिओ, बसवलेले. दोन दिवस सगळे सुरळीत. मग एखाद्या खड्ड्यावर किंवा आवाज वाढवल्यावर पडदा काळा होतो आणि कंपनीचे चिन्ह पुन्हा झळकते. कधी पडदा चालू राहतो, पण फोन तुटतो. कधी रात्रीतून घड्याळ आणि सगळी सेटिंग्ज पुसली जातात. बसवणारा युनिट बदलून देतो आणि आठवड्याभरात तेच पुन्हा सुरू होते.

दुसऱ्या युनिटनेही तोच त्रास दिला तर तिसरे आणण्यात अर्थ नाही. दोष बहुतेक वेळा युनिटच्या मागे, गाडीच्या तारांत असतो आणि तो साध्या मल्टीमीटरने सापडतो. अट एवढीच की मोजमाप लोड देऊन, म्हणजे तारेतून खरोखर करंट वाहत असताना करायचे. नुसता मीटर लावून '१२ व्होल्ट येतात, सप्लाय ठीक आहे' असे म्हणणे हीच या दुखण्यातली सर्वांत मोठी चूक.

या गाडीतच हे जास्त का होते, तेही समजून घ्या. एनए आणि एनबी दोन्हींत बॅटरी पुढे बॉनेटखाली नसून मागे डिकीत असते, आणि ती आकाराने लहान असते. डिकीतून पुढच्या फ्यूज बॉक्सपर्यंत येणारी केबल लांब, वाटेत जोड बरेच, आणि त्यातल्या प्रत्येक जोडाचे वय आता वीस ते पस्तीस वर्षे. त्यात आधीच्या मालकांनी दोन-तीनदा स्टिरिओ बदललेला असतो. कंपनीचा कपलर (तारा जोडणारा प्लास्टिकचा जोड) कापून तारा हाताने पिळून टेप गुंडाळलेली गाडी जितक्या वेळा दिसते, तितक्या वेळा अखंड कपलर दिसत नाही. जुना रेडिओ ही कमतरता सहन करत असे, कारण व्होल्टेज थोडे घसरले तर फार तर आवाज फाटायचा. आजचे युनिट म्हणजे छोटा संगणक. त्याचे व्होल्टेज क्षणभर जरी किमान मर्यादेखाली गेले तरी तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

आधी लक्षण नीट पाहा

पॅनल उघडण्याआधी दोन दिवस नुसते निरीक्षण करा. घटना घडते तेव्हा पडद्याचे काय होते, यावर पुढची सगळी दिशा ठरते.

पडदा पूर्ण काळा होऊन युनिट नव्याने सुरू झाले, तर प्रश्न पॉवरचा किंवा अर्थचा (गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणाऱ्या जोडणीचा). पडदा चालू, रेडिओ चालतो, फक्त फोनची खिडकी गेली, तर प्रश्न वायर, पोर्ट किंवा फोनचा. पडदा आणि फोन दोन्ही ठीक, पण आवाज गेला, तर प्रश्न स्पीकर, अँप्लिफायर किंवा युनिटच्या निळ्या तारेचा (तिच्याबद्दल पुढे). हे तीन विषय पूर्ण वेगळे आहेत. ते एकत्र करून शोधायला गेलात तर दिवस जातो.

एक गोष्ट मात्र दोष समजू नका. जुन्या गाड्यांत सेल्फ मारताना अॅक्सेसरीचा सप्लाय मुद्दाम तोडला जातो, म्हणजे सगळी ताकद स्टार्टरला मिळते. त्यामुळे चावी फिरवून पडदा सुरू झाला आणि मग सेल्फ मारलात, तर युनिट विझून पुन्हा सुरू होणारच. इंजिन आधी सुरू करा, मग फोन जोडा. मात्र सेल्फ मारल्यावर घड्याळ, स्टेशने किंवा फोनच्या जोडण्याही पुसल्या जात असतील, तर ते नैसर्गिक नाही. तो पिवळ्या, म्हणजे कायमच्या सप्लायच्या तारेचा दोष आहे.

युनिटपर्यंत पोहोचणे

डिकीतल्या बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि काही मिनिटे थांबा. डॅशबोर्डमध्ये पिवळ्या आवरणातल्या तारा किंवा पिवळे कपलर दिसले तर ते एअरबॅगचे समजा. त्यांना मीटरची टोके लावू नका, त्यांतून सप्लायही घेऊ नका.

मधला उभा पॅनल, ज्याला मिआटावाले त्याच्या आकारावरून 'टूमस्टोन' म्हणतात, तो काढण्याआधी गिअरभोवतीचा कन्सोल मागे सरकवावा लागतो. गिअरचा गोळा उलटा फिरवून काढा. कन्सोलचे स्क्रू मागच्या झाकणाच्या कप्प्यात, अॅशट्रेच्या खाली आणि पुढच्या बाजूला गालिच्याजवळ दोन्हीकडे असतात. कप्प्यातच पेट्रोलच्या झाकणाचा खटका आहे, तो मोकळा करून घ्या. पॉवर विंडो असतील तर कन्सोल उचलताना खालचा कपलर आधी सोडवा, ओढू नका.

टूमस्टोनच्या वरच्या स्क्रूंपर्यंत जाण्यासाठी एसीच्या दोन गोल जाळ्या काढाव्या लागतात, आणि इथेच सर्वांत जास्त नुकसान होते. तीस वर्षांचे प्लास्टिक थंडीत बिस्किटासारखे तुटते. गाडी थोडा वेळ उन्हात ठेवा किंवा हेअर ड्रायरने भाग कोमट करा. पट्टी आत घालताना तिच्याखाली कापड ठेवा, एका बाजूने जोर न लावता गोलाभोवती थोडे थोडे सोडवत जा. एनएमध्ये या जाळ्यांच्या मध्ये हॅझर्डचे आणि बॉनेटमध्ये झाकले जाणारे हेडलाइट वर करण्याचे बटण आहे, त्यांचे कपलरही पॅनल पुढे घेण्याआधी सोडवा.

पिवळी, लाल, काळी: खरा तपास इथेच

बाजारातल्या युनिटच्या हार्नेसमध्ये (तारांच्या जुडग्यात) पिवळी तार कायमच्या सप्लायची, लाल चावीवरच्या सप्लायची, काळी अर्थची. गाडीच्या बाजूच्या तारांच्या रंगांवर मात्र विसंबू नका. आधी कोणी काय जोडले आहे हे तुम्हाला माहीत नसते. प्रत्येक तार मीटरने ओळखा.

लोडसाठी एक साधे साधन बनवा. हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब घ्या आणि त्याला दोन जाड तारा सोल्डर करा. हा बल्ब सुमारे साडेचार अँपिअर घेतो, म्हणजे मोठ्या आवाजात चालणाऱ्या युनिटच्या जवळपास. तो भयंकर तापतो, म्हणून प्लास्टिकवर किंवा गालिच्यावर ठेवू नका. धातूच्या डब्यात ठेवा.

बॅटरी पुन्हा जोडा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून आधी थेट बॅटरीवर आकडा घ्या. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, आणि १२.२ म्हणजे जवळजवळ निम्मी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरीच थकली आहे, पुढचे सगळे नंतर. इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.५ यायला हवे. बॅटरी बदलायची वेळ आली तर डिकीत बसणारी, हवा बाहेर नेणारी नळी जोडता येईल अशीच घ्या. चार्जिंगच्या वेळी सुटणारा हायड्रोजन डिकीत साठणे धोक्याचे आहे.

आता युनिटच्या कपलरवर बल्ब पिवळी आणि काळी यांच्यात लावा आणि तो पेटलेला असताना तिथले व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १२.५ आणि इथे १२.१ असेल तर ठीक. इथे ११.२ किंवा त्याहून कमी असेल तर रोग सापडला. बल्ब काढल्यावर हाच आकडा पुन्हा १२.५ दिसेल. म्हणूनच नुसत्या मीटरने फसायला होते. मीटर जवळपास काहीच करंट घेत नाही, त्यामुळे तारेचा एकच धागा शाबूत असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. हिशोब सरळ आहे: जोडात फक्त ०.२ ओहमचा रोध असला तर ८ अँपिअरला १.६ व्होल्ट तिथेच खर्च होतात. अनेक युनिटची किमान मर्यादा १०.८ ते ११ व्होल्टच्या आसपास असते. इंजिन मंद चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, त्यात गाण्यात ढोलाचा ठोका आला, की ती मर्यादा ओलांडली जाते आणि पडदा विझतो.

तूट कोणत्या बाजूला आहे हे वेगळे काढा. बॅटरी मागे असल्यामुळे यासाठी तीन-चार मीटरची एक लांब तार लागते. तिचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर घट्ट लावा, दुसरे मीटरच्या काळ्या टोकाला. मीटरचे लाल टोक कपलरच्या काळ्या तारेवर ठेवा आणि बल्ब पेटवा. ०.१ व्होल्टपर्यंत चालेल. ०.२ च्या वर गेले तर अर्थ खराब. तसेच लांब तार बॅटरीच्या पॉझिटिव्हवर नेऊन पिवळ्या तारेची तूट मोजा. ही ०.३ पर्यंत मान्य, अर्ध्या व्होल्टच्या वर नाही. पॉझिटिव्हवरच्या लांब तारेला बॅटरीजवळ ३ अँपिअरचा फ्यूज घालायला विसरू नका. ती चुकून पत्र्याला लागली तर आग लागू शकते.

खराब निघते ती बहुधा अर्थच. आधीच्या कोणीतरी काळी तार डॅशच्या एखाद्या स्क्रूखाली, रंगावरच अडकवलेली असते. युनिटची काळी तार थेट गाडीच्या पत्र्याशी जोडा: डॅशच्या आतल्या धातूच्या चौकटीवरचा बोल्ट निवडा, रंग खरवडून चकचकीत धातू काढा, तारेच्या टोकाला गोल लग (धातूची कडी) क्रिंप करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा, दातेरी वॉशर घालून आवळा, वर थोडे व्हॅसलिन किंवा ग्रीस. अँटेनाच्या वायरमधूनही अर्थ मिळतो, त्यामुळे काळी तार सैल असली तरी युनिट चालते. पण मग सगळा करंट त्या बारीक आवरणातून जातो आणि फोन जोडताच चिरचिर सुरू होते.

पिवळ्या बाजूला तूट असेल तर आधी फ्यूज पाहा. मिआटात स्टिरिओची आठवण टिकवणारा सप्लाय 'रूम' लिहिलेल्या १० अँपिअरच्या फ्यूजवरून येतो. त्यावरच आतला दिवाही असतो. दार उघडल्यावर दिवा लागत नाही आणि स्टिरिओही सगळे विसरतो, असे दोन्ही एकत्र दिसले तर शोध तिथेच संपतो. फ्यूज उडालेला नसला तरी काढून त्याचे पाय आणि खाचा पाहा. हिरवट थर असेल तर साफ करा. चावीवरचा सप्लाय 'सिगार' नावाच्या फ्यूजवर असतो. सिगारेट लायटरच्या खाचेत स्वस्त चार्जर घालून तो उडवला, की स्टिरिओही बंद पडतो.

फ्यूज ठीक असूनही तूट राहिली तर जुन्या तारांशी झगडू नका. बॅटरीपासून नवी पिवळी तार आणा. पाच मीटरच्या अंतराला ४ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर ८ अँपिअरला जेमतेम ०.२ व्होल्टची तूट राहते. बॅटरीपासून १५-२० सेंटिमीटरच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज घालाच. युनिटच्या पाठीवरचा फ्यूज युनिटला वाचवतो. बॅटरीजवळचा फ्यूज वाटेतल्या तारेला वाचवतो, आणि दार-सीटच्या पत्र्याच्या कडांवरून जाणाऱ्या तारेला त्याची गरज जास्त आहे.

लाल तार फारच थोडा करंट घेते, पण तीच सर्वांत लहरी. बल्ब लाल तारेवर लावून, चावी अॅक्सेसरीवर ठेवून ती हलकेच डावी-उजवी हलवा. बल्ब लुकलुकला तर इग्निशन स्विचचे आतले कॉन्टॅक्ट झिजले आहेत. किल्लीच्या जुडग्याला जड वस्तू लटकवली असेल तर ती आधी काढा, कारण खड्ड्यावर तीच चावी हलवते. स्विच बदलणे हा खरा उपाय. तोवर लाल तार रिलेवरून (छोट्या करंटच्या खुणेवर चालणाऱ्या स्विचवरून) घेतली तरी फायदा होत नाही, कारण रिलेलाही तीच थरथरती खूण मिळते.

जोडांबद्दल एवढेच: पिळून टेप लावणे नको, आणि तार न सोलता चिमट्याने दाबून जोडणारे निळे-लाल टॅपही नको. उष्णतेने टेपचा डिंक वितळतो, टॅप तारेचे धागे कापतो. योग्य पकडीने क्रिंप करा, किंवा सोल्डर करून वर स्लीव्ह आवळा. शक्य असेल तर गाडीच्या कपलरला बसणारा तयार हार्नेस घ्या. एनएला बसणारा एनबीच्या शेवटच्या वर्षांना बसेलच असे नाही. गाडीच्या वर्षानुसार विचारून घ्या.

गाडी तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते

मिआटा बऱ्याच घरी रोजची गाडी नसते, रविवारी निघते. म्हणून ही तक्रार फोनच्या तक्रारीइतकीच ऐकू येते. सेटिंग्ज पुसली जाऊ नयेत म्हणून कोणीतरी लाल आणि पिवळी तार एकत्र जोडून टाकलेली असते. आठवण टिकते, पण युनिट कधीच पूर्ण झोपत नाही. त्याने नुसता ०.८ अँपिअर घेतला तरी २० तासांत १६ अँपिअर-तास जातात. ३२ अँपिअर-तासांच्या लहान बॅटरीचा हा निम्मा साठा. तुलनेला, सगळे झोपलेल्या गाडीने ५० मिलिअँपिअरच्या आत राहायला हवे, आणि तसे असले तरी निम्म्यावर यायला तिला सुमारे १३ दिवस लागतात.

मोजायचे असेल तर मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून बॅटरीच्या निगेटिव्ह खांब आणि केबल यांच्यामध्ये जोडा. दारे बंद, डिकीचा दिवा बंद, किल्ली काढलेली. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. आकडा मोठा आला तर 'रूम' फ्यूज काढून पाहा. झटकन खाली आला तर चोर सापडला. अँड्रॉइडवर चालणाऱ्या काही युनिटमध्ये झोपेचा कालावधी सेटिंगमध्ये असतो, तो शून्य किंवा कमीत कमी ठेवा. गाडी महिना-महिना उभी राहणार असेल तर बॅटरीला देखभालीचा छोटा चार्जर लावून ठेवा.

पडदा चालू, फोन मात्र तुटतो

वायरवाल्या जोडणीत नव्वद टक्के वेळ गुन्हेगार वायरच असते असे म्हणण्याचा मोह होतो, पण आधी फोनचे छिद्र पाहा. खिशातला कापूस आत दाबून बसलेला असतो. प्लग पूर्ण बसत नाही, गाडीच्या कडक सस्पेन्शनवर प्रत्येक सांध्याला हलतो. लाकडी दातकोरणीने, फोन बंद करून, तो अलगद काढा.

मग वायर. चार्जिंगची प्रत्येक वायर माहिती वाहून नेत नाही. एक मीटरच्या आतली, नावाजलेल्या बनावटीची वायर घ्या. आयफोन १५ पासून पुढच्या फोनला टाइप-सी लागते आणि युनिटला बहुधा जुने चपटे यूएसबी, त्यामुळे स्वस्त अॅडॉप्टर मध्ये घालण्याची सवय पडली आहे. तो टाळा, थेट दोन टोकांची वायर घ्या. युनिटच्या मागची यूएसबी तार कप्प्यापर्यंत आणायला एक्स्टेन्शन जोडली असेल तर तपासणीसाठी ती काढून थेट जोडून पाहा. ती गिअरच्या दांड्याच्या रबराजवळून नेलेली असेल तर गिअर टाकताना चिरडली जाते आणि फोन नेमका तिसऱ्या गिअरलाच तुटतो. अशी तक्रार विचित्र वाटते, पण कारण अगदी सरळ असते.

वायरलेस जोडणीत फोन ब्लूटूथवर ओळख पटवतो आणि पुढचे सगळे काम वाय-फायवर, साधारणपणे ५ गिगाहर्ट्झवर चालते. घरातून निघताना पहिल्या पाच मिनिटांतच तुटत असेल तर फोन घराच्या वाय-फायला चिकटून आहे. गाडीत बसण्याआधी ते जाळे सोडून पाहा. फोनमध्ये व्हीपीएन किंवा बॅटरी वाचवणारी सक्तीची सेटिंग्ज असतील तर ती बंद करा. आयफोनवर सामान्य सेटिंगमधल्या कारप्लेत जाऊन ही गाडी विसरायला सांगा आणि नव्याने जोडा. युनिटमध्येही जुनी नोंद पुसा. एकाच बाजूची नोंद पुसणे हे अर्धवट काम आहे. वायरलेस अँड्रॉइड ऑटोसाठी फोनवर अँड्रॉइड ११ किंवा पुढचे हवे. अँड्रॉइड १० पासून वायरवाले अँड्रॉइड ऑटो फोनमध्येच असते, वेगळे अॅप उतरवावे लागत नाही.

टप (गाडीचे छत) उघडा ठेवून दुपारी चालवणाऱ्यांसाठी: काचेजवळ उन्हात ठेवलेला फोन, त्यावर वायरलेस चार्जिंग, वर नकाशा आणि गाणी. फोन तापतो, चार्जिंग थांबवतो, मग जोडणी मंद करतो. त्याला सावलीत, एसीच्या जाळीसमोर धरा.

रेडिओ वाजतो, फोनची गाणी लागत नाहीत

अँप्लिफायर वेगळा असलेल्या गाड्यांत एफएम वाजतो, कारप्लेवर येताच शांतता. याचे कारण जवळजवळ नेहमी एकच: अँप्लिफायर चालू करणारी तार निळ्या तारेला जोडली आहे. निळी तार अँटेना वर करण्यासाठी असते आणि अनेक युनिटमध्ये ती फक्त रेडिओ सुरू असतानाच सप्लाय देते. निळी-पांढरी तार युनिट चालू असेपर्यंत सप्लाय देते. अँप्लिफायर तिच्यावर घ्या. उलट चूक झाली तर विजेवर वर येणारी मिआटाची अँटेना गाणी फोनवरून ऐकतानाही उभी राहते आणि गाडी धुताना वाकते. दोन्ही तारांचा वापर फक्त खुणेसाठी करा. बऱ्याच युनिटमध्ये त्यांना ३०० ते ५०० मिलिअँपिअरच झेपतात. अँटेनाची मोटार थेट त्यांच्यावर चालवली तर युनिटच्या आतला भाग जळतो.

आवाज मोठा केल्यावर युनिट स्वतःच गप्प होत असेल तर प्रत्येक स्पीकरची जोडी कपलरवरून काढून ओहममध्ये मोजा. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर ३.२ ते ३.८ दाखवतो. अडीचच्या खाली आकडा आला तर कोणीतरी सीटच्या डोक्यामागचे स्पीकर दाराच्या स्पीकरला समांतर जोडलेले असू शकतात, किंवा दाराचा स्पीकर कमी रोधाचा आहे. बोसचे चिन्ह असलेल्या एनबीत हे जरूर मोजा आणि तिथले स्पीकर नव्या युनिटला थेट जोडू नका. स्पीकरची कोणतीही तार पत्र्याला लागते का तेही पाहा. स्पीकरच्या निगेटिव्ह तारांना अर्थ देणे आजच्या कोणत्याच युनिटला चालत नाही.

इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढणारी शिट्टी वेगळी. आधी अर्थ, वर सांगितल्याप्रमाणे. मग अँप्लिफायरच्या आरसीए तारा (युनिटमधून आवाज नेणाऱ्या) बॅटरीच्या जाड केबलच्या बाजूने नेल्या आहेत का ते पाहा आणि दुसऱ्या बाजूने न्या. फोन लायटरच्या चार्जरला आणि आवाज ऑक्सच्या (हेडफोनच्या छिद्राच्या) तारेने युनिटला, अशी जोडणी असेल तर शिट्टी येणारच, कारण अर्थचे दोन मार्ग तयार होतात. चार्जर उपटल्याबरोबर ती थांबली तर निदान पक्के. यूएसबी युनिटलाच जोडले की प्रश्न मिटतो.

उरलेल्या लहान गोष्टी

माइक पडद्याला चिकटवू नका. टप उघडल्यावर समोरच्याला फक्त वारा ऐकू येतो. स्टीअरिंगच्या आवरणावर, तोंडाकडे वळवून, फोमची टोपी घालून बसवा.

रात्री पडदा मंद होत नसेल तर युनिटची केशरी तार (दिवे लागल्याची खूण देणारी) तपासा. त्या काळातल्या बऱ्याच जपानी गाड्यांत डॅशच्या दिव्यांचा मंदपणा अर्थच्या बाजूने नियंत्रित केलेला असतो. त्या तारेवर जोडलेले युनिट गोंधळते. पार्किंग लाइटच्या सरळ १२ व्होल्टच्या तारेवरून घ्या.

जपानहून आलेल्या युनोस रोडस्टर (पहिल्या मिआटाचे जपानमधले नाव) न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये भरपूर आहेत. त्यांच्या मूळ रेडिओचा एफएम पट्टा ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो, म्हणून मागे पट्टा सरकवणारा छोटा डबा अँटेनाच्या वायरला जोडलेला असतो. नवे युनिट बसवताना तो काढा, नाहीतर स्टेशने चुकीच्या आकड्यांवर दिसतात. अमेरिकेसाठी ठरवलेले युनिट इतरत्र नेले तर सेटिंगमधला प्रदेशही बदला, कारण तिथे स्टेशने ०.२ मेगाहर्ट्झच्या अंतराने शोधली जातात.

पडद्याचा आकार निवडताना मिआटात हात आवरा. एका डीआयएनच्या (स्टिरिओच्या ठरावीक मापाच्या) खाचेतून बाहेर तरंगणारा नऊ-दहा इंचांचा पडदा पहिल्या आणि तिसऱ्या गिअरला हाताच्या आड येतो आणि एसीच्या जाळ्या झाकतो. ज्यांना पडदा नकोच, फक्त फोनवरची गाणी आणि बोलणे हवे, त्यांनी जुन्या चेहऱ्याचे ब्लूटूथवाले युनिट घ्यावे. ब्लाउपुंक्टचे ब्रेमेन एसक्यूआर ४६ डीएबी हे त्याचे चांगले उदाहरण. डॅशबोर्ड १९९० सालातला दिसतो, वर सांगितलेल्या पॉवरच्या तक्रारीही बऱ्याच कमी होतात.

भारतात मिआटा अधिकृतपणे विकली गेली नाही, पण पुण्यात किंवा पणजीत जुनी जपानी किंवा जर्मन गाडी सांभाळणाऱ्यालाही हीच मोजमापे जशीच्या तशी लागू पडतात. समुद्रकिनाऱ्याच्या हवेत अर्थचे बोल्ट वर्षातून एकदा उघडून पाहा, गंज लवकर धरतो.

टूमस्टोन परत बसवण्याआधी, सगळे उघडे असतानाच, इंजिन मंद ठेवून हेडलाइट, ब्लोअर आणि पूर्ण आवाज एकदम चालू करा आणि पिवळ्या-काळ्या तारांवर मीटर ठेवून मागचा हार्नेस हाताने हलवा. आकडा १३ च्या खाली सरकला नाही आणि पडदा एकदाही मिचकावला नाही, तरच एसीच्या जाळ्या दाबून बसवा. त्या दुसऱ्यांदा काढताना तुटण्याची भीती पहिल्यापेक्षा जास्त असते.